यंत्रांतलें यंत्र आणि परवान्याचा कागद

संगणक घरोघर आल्यास आतां पुष्कळ वर्षें लोटलीं; परंतु संगणकाबरोबर जो कराराचा कागद घरांत येतो, तो वाचणारीं घरें अद्यापि फार थोडीं आहेत. कागद हा शब्द आम्ही रूढीनें वापरीत आहों. वास्तविक पडद्यावर लांबलचक मजकूर येतो, त्याखालीं 'मान्य' असें बटण असतें, आणि त्या वेळीं यंत्रासमोर जो कोणी बसलेला असेल तो तें दाबून मोकळा होतो. लग्नाच्या यादींतील एका कलमावरून दोन दोन दिवस वाद घालणारी आमची वडील मंडळी या यादीकडे मात्र ढुंकूनहि पाहात नाहींत. आज त्या यादींतील एकच कलम आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों. एका संगणकाच्या पोटांत दुसरा, केवळ प्रोग्रॅमच्या बळावर उभा राहिलेला संगणक चालविला, तर त्या दुसऱ्यांतील विंडोजसाठीं अथवा मॅकसाठीं निराळा परवाना घ्यावा लागतो काय, आणि लागत असेल तर कां?

प्रश्न हौसेचा नाहीं. एका कुलमंडळाच्या कार्यवाहांनीं तो आम्हांस पत्रानें विचारला आहे. त्यांच्या कुलवृत्तांताचा मजकूर वीस वर्षांपूर्वीं विंडोज एक्सपी असलेल्या घरच्या संगणकावर, त्या काळच्या एका मराठी अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्यें उतरविला गेला. ज्या काकांनीं गांवोगांव हिंडून, उपाध्यायांचीं बाडें चाळून पिढ्या जुळविल्या, ते आतां हयात नाहींत. यंत्रहि बंद पडलें. आंतली हार्ड डिस्क तेवढी शाबूत निघाली. नव्या लॅपटॉपवर ती फाईल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो, कारण युनिकोडपूर्वींच्या त्या फाँटांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नाहीं. तेव्हां घरांतील एका तरुणानें तोड सुचविली कीं, जुन्या डिस्कची सबंध प्रत करून नव्या यंत्राच्या पोटांत तें जुनें यंत्र पुन्हां जिवंत करावें. तोड चालण्याजोगी आहे. पण कार्यवाह जुन्या वळणाचे गृहस्थ. ते विचारतात, हें करण्याचा आम्हांस अधिकार आहे काय? यंत्रावर जें होऊं शकतें तें करावयाचें, अधिकाराची चौकशी कशाला, अशा या दिवसांत हा प्रश्न कोणास सुचला याचेंच आम्हांस समाधान वाटलें.

प्रथम हें यंत्रांतलें यंत्र म्हणजे काय तें पाहूं. पुण्यांतील जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. वाड्याची जमीन एक, विहीर एक, दिंडीदरवाजा एक. पण आंत चार बिऱ्हाडें. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळें, आणि आपल्या दोन खोल्यांपुरता प्रत्येक जण घरधनी. व्हर्च्युअल मशीन हें असेंच एक बिऱ्हाड होय. मूळ संगणकाची मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर यांतील वांटा काढून एक प्रोग्रॅम आंत दुसऱ्या संगणकाचा देखावा उभा करतो. त्या देखाव्यांत बसविलेल्या विंडोजला आपण खऱ्या लोखंडावर बसलों आहों असेंच वाटतें. या व्यवसायांतील लोक मूळ यंत्रास यजमान व आंतल्यास पाहुणा म्हणतात. आम्हांस बिऱ्हाडकरू हा शब्द अधिक नेमका वाटतो. कारण पाहुण्यास भाडें पडत नाहीं, आणि येथें तर सारा वाद भाड्याचाच आहे.

कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील मंडळींनीं १९६० नंतरच्या दशकांत ती मोठ्या यंत्रांवर सिद्ध केली, आणि १९७२ सालीं कंपनीनें व्हीएम/३७० या नांवाची प्रणाली जाहीर केली. त्या काळीं एक यंत्र म्हणजे दिवाणखाना भरून टाकणारें धूड. तें घेणारी बँक अगर सरकारी खातें कंपनीशीं समोरासमोर बसून करार करी. टेबलावरच्या लहान संगणकांच्या जगांत या विद्येचा खरा बोलबाला झाला तो १९९९ सालीं, व्हीएमवेअर कंपनीच्या वर्कस्टेशन या प्रोग्रॅमनें. तोंपर्यंत लहान संगणकांच्या परवान्यांत मोजण्याचें माप सरळ होतें: एक परवाना, एक संगणक. संगणक डोळ्यांनीं दिसे, हातानें उचलतां येई, म्हणून मोजतांहि येई. बिऱ्हाडें आलीं आणि माप बिघडलें. एका लोखंडांत पांच विंडोज चालूं लागल्या. तींच पांच बिऱ्हाडें उचलून एका रात्रींत दुसऱ्या वाड्यांत नेतां येऊं लागलीं. मग 'एक संगणक' म्हणजे काय? या प्रश्नाला गेल्या पंचवीस वर्षांत कंपन्यांनीं दिलेलीं उत्तरें पाहिलीं म्हणजे असें दिसून येतें कीं, उत्तर यंत्रशास्त्रानें ठरलेलें नसून ज्याच्या त्याच्या दुकानदारीनें ठरलेलें आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला विंडोज व्हिस्टाचा. ३० जानेवारी २००७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें ही प्रणाली सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठीं विक्रीस काढली. होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस आणि अल्टिमेट असे तिचे भेद होते, आणि अमेरिकेंत पूर्ण प्रतीच्या किंमती अनुक्रमें १९९, २३९, २९९ व ३९९ डॉलर होत्या. करारांत असें कलम घातलेलें होतें कीं, बिझनेस व अल्टिमेट या महाग प्रती व्हर्च्युअल यंत्रांत चालविण्यास हरकत नाहीं. होम बेसिक व होम प्रीमियम या मात्र तेथें वापरूं नयेत. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, स्वस्त प्रत तेथें चालत नसे असें मुळींच नाहीं. ती महाग प्रतीइतकीच सुरळीत चाले. मनाई यंत्रांत नव्हती, कागदांत होती.

या मनाईची झळ कोणास लागली? आदल्याच वर्षीं, म्हणजे २००६ सालीं, ॲपलचे मॅक संगणक इंटेलच्या प्रोसेसरवर आले होते आणि पॅरलल्स नांवाच्या प्रोग्रॅमनें मॅकच्या पोटांत विंडोजचें बिऱ्हाड मांडण्याची सोय झाली होती. हिशेबाचा एखादाच प्रोग्रॅम चालविण्यापुरती विंडोज ज्यास हवी, त्यास कराराप्रमाणें १९९ डॉलरांची प्रत चालत नसे, २९९ ची घ्यावी लागे. कंपनीनें यास सुरक्षिततेचें कारण दिलें: ही विद्या अजून कच्ची आहे, सामान्य गिऱ्हाइकास तींत धोका आहे. धोका खरा होता असें क्षणभर धरूं. परंतु १०० डॉलर अधिक मोजले असतां तो धोका कसा टळतो, हें कोडें आम्हांस तरी उलगडलेलें नाहीं. पुढें जून २००७ मध्यें मनाई उठविण्याचें ठरलें, आणि ऐन वेळीं कंपनीनें माघार घेतली. शेवटीं जानेवारी २००८ मध्यें ती एकदांची उठली. करारांतील शब्द बदलले. प्रोग्रॅम होता तोच राहिला.

त्यानंतर भाषा हळूहळू सुधारली हें मान्य केलें पाहिजे. विंडोज ७ च्या करारांत असें होतें कीं, ती एकतर मूळ यंत्रावर थेट बसवावी, किंवा त्याऐवजीं त्याच यंत्रांतील एकाच बिऱ्हाडांत बसवावी, दोहोंपैकीं एक. २०१५ सालच्या विंडोज १० पासून आणि पुढें विंडोज ११ मध्येंहि कराराची भाषा याहून स्पष्ट झाली: एका परवान्यावर एका उपकरणांत एकच प्रत बसवितां येईल, मग तें उपकरण लोखंडाचें असो कीं व्हर्च्युअल असो. म्हणजे बिऱ्हाड हें आतां कागदोपत्रीं स्वतंत्र घर ठरलें, आणि प्रत्येक घराची पट्टी वेगळी झाली. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे आणि मुलानें अभ्यासासाठीं आंत दुसरी विंडोज ११ बसविली, तर परवाने दोन हवेत. 'यंत्र माझें, विंडोजचे पैसेहि मीं भरलेले, आंत मी कितीहि चालवीन' हा युक्तिवाद घरांत ऐकावयास बरा वाटतो. करारापुढें तो टिकत नाहीं. आम्हांस ही अट महाग वाटते, पण अन्यायाची वाटत नाहीं. व्हिस्टाच्या अटीपेक्षां ती सरळ आहे; तींत धोक्याबिक्याची बतावणी नाहीं.

मात्र मायक्रोसॉफ्टच्या घरांत दुसरा एक भेद आहे, आणि घरोघर चुकतें तें तेथेंच. यंत्राबरोबर बसवून आलेली विंडोज आणि दुकानांतून स्वतंत्र घेतलेली विंडोज या एक नव्हत. स्वतंत्र घेतलेली प्रत एका यंत्रावरून काढून आपल्याच मालकीच्या दुसऱ्या यंत्रावर नेतां येते; बिऱ्हाडांतहि नेतां येते. यंत्राबरोबर आलेली प्रत त्या लोखंडाशीं जखडलेली असते. यंत्र विकलें तर तीहि त्याबरोबर जाते, आणि यंत्र मेलें म्हणजे कागदाच्या दृष्टीनें तीहि मेली. आपल्याकडील बहुतेक घरांतील विंडोज या दुसऱ्या जातीची असते, कारण ती निराळी घेतल्याचें कोणास आठवतहि नसतें. अशा प्रतीचा क्रमांक जुन्या यंत्राच्या पाठीवर चिकटविलेला सांपडला म्हणजे खजिना हातीं लागल्यासारखें पुष्कळांस वाटतें. तो खजिना त्या पाठीपुरताच आहे.

आतां कार्यवाहांच्या प्रश्नाकडे येऊं. त्यांच्या काकांची एक्सपी यंत्राबरोबर आलेली होती. एक्सपीच्या त्या जातीच्या करारांत यंत्र आणि प्रणाली मिळून एकच अखंड वस्तु मानलेली आहे व प्रणाली त्याच यंत्रावर वापरावी असें म्हटलेलें आहे. तेव्हां कागद म्हणतो, नाहीं. बरें, नवा परवाना विकत घ्यावा म्हटलें तर कंपनी एक्सपी विकत नाहीं. तिची देखभालहि ८ एप्रिल २०१४ रोजीं बंद झाली. मध्यंतरीं एक सनदशीर दार उघडें होतें. २००९ च्या विंडोज ७ मधील प्रोफेशनल व त्यावरील प्रती ज्यांच्याकडे असत, त्यांस कंपनी एक्सपीचें एक तयार बिऱ्हाड फुकट देत असे, आणि तें नेमकें अशाच जुन्या प्रोग्रॅमांसाठीं होतें. पण विंडोज ७ चीहि देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीं संपली, आणि पुढच्या विंडोजबरोबर ती सवलत आली नाहीं. म्हणजे ज्या घरांत वेळेवर जाग आली त्यांचें साधलें. बाकीच्यांस कंपनी विकतहि नाहीं आणि वापरूंहि देत नाहीं. करारांतील हा भाग आम्हांस खरोखर खटकतो. कुलवृत्तांतांतील एकहि अक्षर मायक्रोसॉफ्टचें नाहीं. काकांच्या बारा वर्षांच्या कष्टांवर, दुसऱ्याच्या कुलपामुळें, त्यांच्या घरच्यांसच पारखें होण्याची पाळी यावी हें कोणत्या न्यायांत बसतें?

येथवर कागद काय म्हणतो तें सांगितलें. देशाचा कायदा काय म्हणतो हा निराळा प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत, कोणत्या कृत्यांनीं कॉपीराइटचा भंग होत नाहीं याची यादी दिली आहे. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यांत आहे त्यानें, ज्या कामासाठीं ती मिळाली त्या कामीं वापरतां यावी म्हणून केलेली प्रत त्या यादींत आहे. मूळ प्रत हरवूं, नासूं अगर बिघडूं नये म्हणून तात्पुरत्या संरक्षणासाठीं केलेली प्रतहि आहे. आणि १९९९ च्या दुरुस्तीनें आणखी एक भर पडली: स्वतः कायदेशीर रीतीनें मिळविलेल्या प्रतीवरून, व्यापारी हेतु नसलेल्या खाजगी वापरासाठीं केलेली प्रत. वाचकांनीं हें शेवटचें वाक्य पुन्हां एकवार वाचावें. पैसे देऊन घेतलेल्या यंत्रावरील एक्सपीची प्रत घरच्या कामासाठीं करणें, हें या वाक्याच्या कक्षेंत येतें असें आमचें मत आहे.

अर्थात् त्या वाक्यानें करार फाटून जातो असें नव्हे. कॉपीराइटचा भंग आणि कराराचा भंग या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिला गुन्हा होऊं शकतो. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास कायद्याच्या ६३ ब कलमानें कमींत कमी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठीं किंवा धंद्यांत झालेला नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५०,००० पर्यंत नुसता दंड करूं शकतें. दुसरा म्हणजे दोन पक्षांमधील दिवाणी भांडण. चोरीचा क्रमांक बाजारांतून घेऊन विंडोज चालविणारा आणि स्वतःच्या मेलेल्या यंत्रांतून चुलत्याचा मजकूर बाहेर काढणारा, या दोघांस एका रांगेंत बसविणें आम्हांस मान्य नाहीं, आणि कायद्याच्या शब्दांवरूनहि तसें दिसत नाहीं.

म्हणून कार्यवाहांस आमचें सांगणें असें. आधीं एक्सपी जिवंत न करतांच काम भागतें काय तें पाहावें. हार्ड डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडून फाईली उतरवून घ्याव्यात. फाईली तुमच्या आहेत, त्यांस कोणाचा परवाना लागत नाहीं. मजकूर कोणत्या फाँटांत आहे तें नांव शोधून काढावें, कारण जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्यें बदलून देणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. जोडाक्षरें व रफार थोडे घोटाळतील, पण घरांतील दोघांनीं बसून मुद्रितें तपासावींत तसें तपासलें म्हणजे झालें. एवढ्यानें न भागल्यास बिऱ्हाड मांडावें; मात्र तें मजकूर बाहेर काढण्यापुरतें असावें, घरांत असावें, आणि त्यास इंटरनेटची जोडणी देऊं नये, कारण २०१४ नंतर एक्सपीचीं भोकें बुजविणारा कोणी उरलेला नाहीं. जुन्या यंत्राची पावती असेल तर ती जपून ठेवावी. मंडळाच्या कचेरींत पांच संगणकांवर तीच प्रत चालवून ग्रंथविक्रीचें काम करूं लागल्यास मात्र 'खाजगी' या शब्दाची ओढाताण सुरू होईल, आणि त्या वेळीं आमच्या या लेखाचा आधार कोणी घेऊं नये.

'प्रोग्रॅम विकलेला नाहीं, केवळ वापरण्याचा परवाना दिलेला आहे' हें वाक्य बहुतेक करारांच्या आरंभीं असतें. त्याविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें ५ नोव्हेंबर २००४ रोजीं टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या दाव्यांत तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे आणि त्यावर विक्रीकर बसतो असा निकाल दिला. पुढें २ मार्च २०२१ रोजीं इंजिनीअरिंग ॲनालिसिस या कंपनीच्या दाव्यांत त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, परदेशी सॉफ्टवेअरसाठीं दिलेले पैसे म्हणजे कॉपीराइटचें मानधन नव्हे. ती मालाची किंमत आहे, कारण कराराच्या कागदानें कॉपीराइटचा कोणताच हक्क गिऱ्हाइकास मिळत नाहीं. हा निकाल कंपन्यांच्या बाजूचा होता. म्हणजे प्राप्तिकराच्या कचेरींत 'आम्ही माल विकला' असें म्हणावयाचें आणि गिऱ्हाइकास 'आम्ही कांहींच विकलें नाहीं' असें सांगावयाचें, अशी ही दुटप्पी रीत आहे. हे निकाल कराचे आहेत, बिऱ्हाडांचे नव्हेत, हें खरें. पण विकल्याचा पैसा घेऊन भाडेकरूची वागणूक कां, हा प्रश्न त्यांनीं मोकळा केला आहे. युरोपच्या न्यायालयानें ३ जुलै २०१२ रोजीं युझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या दाव्यांत यापुढचें पाऊल टाकलें. एकरकमी किंमत घेऊन कायमचा परवाना दिला तर ती विक्रीच होय, आणि तो परवाना पुढें विकण्यास कंपनीस आडवें येतां येत नाहीं. फक्त अनेकांचा मिळून असलेला परवाना फोडून विकतां येत नाहीं.

ॲपलचा वाडा निराळ्या चालीचा आहे. मॅकची प्रणाली कंपनी ऑक्टोबर २०१३ पासून फुकट देते. तेव्हां तिच्या अटी सैल असतील असें वाटेल. प्रत्यक्षांत त्या अधिक आवळ आहेत. २०११ च्या लायन आवृत्तीपासून करारांत असें आहे कीं, ॲपलच्याच यंत्रावर, मूळ प्रणालीखेरीज आणखी दोन प्रती बिऱ्हाड म्हणून चालवितां येतील. त्याहि प्रोग्रॅम लिहिण्यासाठीं, ते लिहितांना चांचणीसाठीं, सर्व्हरसाठीं अथवा खाजगी बिनव्यापारी वापरासाठीं. दुसऱ्या कंपनीच्या संगणकांत मॅकचें बिऱ्हाड मांडण्यास परवानगी नाहीं. फ्लोरिडांतील सायस्टार नांवाच्या एका लहान कंपनीनें २००८ सालीं दुसऱ्या लोखंडावर मॅकची प्रणाली चढवून विकण्यास आरंभ केला. ॲपलनें दावा लावला, २००९ मध्यें तो जिंकला, आणि २०११ मध्यें अपिलांतहि आपल्याच यंत्राचें बंधन घालण्याचा तिचा हक्क कायम झाला. तें प्रकरण बिऱ्हाडांचें नव्हतें, तरी बंधन तेंच. २०२० च्या आवृत्तींत आणखी एक चमत्कारिक अट आली: कोणी आपलें मॅक यंत्र प्रोग्रॅम लिहिणारांस भाड्यानें देईल तर एका वेळीं निदान सलग २४ तास दिलें पाहिजे. ॲमेझॉनसारखी बलाढ्य कंपनीहि आपल्या भाड्याच्या मॅक यंत्रांस ही अट निमूटपणें लावते. व्हिस्टाच्या वेळीं मनाई कागदांतच होती. ॲपलनें ती यंत्रांतहि उतरविली आहे. तिच्या स्वतःच्या चिपांवरील मॅकमध्यें दोन बिऱ्हाडें चालू असतां तिसरें मॅक मांडूं गेल्यास प्रणालीच नकार देते.

या दोघांच्या वागण्याचें मूळ उघड आहे. मायक्रोसॉफ्ट कागद विकते, म्हणून ती बिऱ्हाडें मोजते. ॲपल लोखंड विकते, म्हणून ती आपला फुकट कागद लोखंडाबाहेर जाऊं देत नाहीं. प्रत्येकाचा नफा जेथें, तेथें त्याचें कुंपण. मॅकच्या पोटांत विंडोज चालवूं पाहणारास तर दोन्ही कुंपणें ओलांडावीं लागतात. ॲपलनें २०२० मध्यें इंटेल सोडल्यावर ती वाट कांहीं काळ अंधुक झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें पॅरलल्समध्यें विंडोज ११ प्रो व एंटरप्राइज चालविण्यास उघड मान्यता दिली. परवाना अर्थातच वेगळा घ्यावयाचा.

मोठ्या कचेऱ्यांचे नियम हें एक स्वतंत्र अरण्य आहे. तेथें विंडोजचीं शेंकडों बिऱ्हाडें एका सर्व्हरवर असतात आणि नोकर दुरून त्यांत शिरतात. २०१० पासून तर बिऱ्हाडांत शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला वार्षिक पट्टी बसविणारा एक निराळा परवानाच निघाला. घरच्या वाचकांस त्याचें प्रयोजन नाहीं. आपला मुलगा वा सून घरून कचेरीचें काम करीत असेल, तर त्या बिऱ्हाडाचा परवाना कचेरीनें पाहावयाचा असतो, एवढें लक्षांत ठेवावें. घरच्या विंडोजचा क्रमांक त्यांत घालूं नये.

ज्यांस ही सारी मोजदाद नकोशी वाटते, त्यांस लिनक्सचा रस्ता मोकळा आहे. लिनक्स ज्या सार्वजनिक परवान्याखालीं मिळते, त्यांत प्रोग्रॅम चालविण्यावर बंधन नाहीं. एका यंत्रांत एक मांडा, वीस मांडा, आज येथें उद्यां तेथें न्या. हिशेब विचारणारा कोणी नाहीं. अटी आहेत त्या प्रती बदलून दुसऱ्यास वांटण्याच्या वेळच्या आहेत. पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें डेबियनच्या आधारें बॉस नांवाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली काढली आहे, तीहि याच वळणाची. शिकणाऱ्या मुलास यंत्रांतलें यंत्र ही विद्या हस्तगत करावयाची असेल तर आरंभ लिनक्सनेंच करावा. विंडोजच हवी असल्यास मायक्रोसॉफ्ट एंटरप्राइज आवृत्तीची ९० दिवसांची परीक्षणप्रत देते, ती त्या मुदतीपुरती वापरावी.

एक गोष्ट राहिली. बिऱ्हाडकरूचा परवाना पाहतांना बिऱ्हाड मांडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा परवाना पाहावयाचा राहून जातो. ओरॅकलचा व्हर्च्युअलबॉक्स हा मूळ प्रोग्रॅम मुक्त आहे, घरीं वापरा कीं दुकानांत वापरा. पण त्याबरोबर एक्स्टेन्शन पॅक म्हणून जें जोडगांठोडें मिळतें, तें केवळ खाजगी वापरास व शिक्षणास फुकट आहे. धंद्यांत वापरावयाचें तर त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. दोन्ही एकाच ठिकाणाहून उतरवितां येतात, म्हणून दोन्ही सारखींच असें समजून लहान कचेऱ्यांतील लोक गांठोडेंहि बसवितात. व्हीएमवेअरचा वर्कस्टेशन प्रो व मॅकसाठींचा फ्यूजन प्रो हे दोन प्रोग्रॅम मे २०२४ पासून खाजगी वापरास आणि नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासहि फुकट झाले आहेत. ज्यांच्या घरांतच कचेरी आहे, अशा वकील, हिशेबनीस व प्रकाशक वाचकांनीं आपल्या यंत्रावर यांपैकीं काय बसलेलें आहे तें या रविवारीं पाहून घ्यावें. जुन्या मराठी फाँटांचेहि असेच परवाने आहेत, आणि कुलवृत्तांत पुन्हां छापावयास निघालेल्या मंडळींस त्यांची गांठ पडणारच; तो विषय पुढील अंकीं घेऊं.